डेनगेल्डवर लिहिताय? मग या चुका टाळा

व्हायकिंगांची एखादी सिरीज बघून संपली की लोकांना लगेच त्यावर व्हिडिओ, पोस्ट नाहीतर क्विझ करायची असते. मग त्यात डेनगेल्ड (मध्ययुगीन इंग्लंडातला जमिनीवरचा एक कर) येतोच आणि दरवेळी त्याच त्या चुका. हौस चांगलीये, पण अर्धा तास बसून वाचायचा कंटाळा असेल तर कशाला हात घालायचा?

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे डेन लोकांना (म्हणजे डेन्मार्कच्या व्हायकिंगांना) दिलेली खंडणी आणि नंतरचा डेनगेल्ड नावाचा कर एकच समजणं. एका क्विझला मी गुण लिहायला बसलो होतो. प्रश्न आला, डेनगेल्ड शेवटचा कधी गोळा झाला? पोरांनी 1162 सांगितलं, बरोबरच आहे, पण मग स्लाईड झळकली, "1162 पर्यंत इंग्लंड व्हायकिंगांना पैसे देत होतं", आणि खाली शिंगवालं हेल्मेट घातलेला दाढीवाला. मी म्हटलं, अहो, तेव्हा गादीवर दुसरा हेन्री, त्याच्या दारात कुठला डेन उभा होता? तर उत्तर आलं, "सर, नावातच डेन आहे ना!" यावर काय बोलणार.

तर ऐका. 991 ला माल्डनच्या लढाईत इंग्लिश सरदार बिर्टनोथ पडला आणि इंग्लंडच्या एथेलरेड राजाने आर्चबिशप सिगेरिकचा सल्ला ऐकून 10,000 पौंड मोजले. मग 994 ला 16,000, 1002 ला 24,000, 1007 ला अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार नोंदींच्या कुठल्या हस्तलिखितात 30 हजार तर कुठल्यात 36 हजार. इथपर्यंत खंडणी. 1012 ला थोरकेल हा व्हायकिंगांतलाच सरदार 45 जहाजं घेऊन एथेलरेडच्याच नोकरीत आला, त्याच्या फौजेच्या पगारासाठी जमिनीवर दरवर्षी कर बसला, तो हेरेगेल्ड. 1051 ला एडवर्ड द कन्फेसरने तो बंद केला. पण वसुलीची यंत्रणा आयती तयार होती, नॉर्मन राजे ती कशाला सोडतील? 1084 ला विल्यमने दर हाईडला 6 शिलिंग लावले (हाईड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाला पुरेल इतकी जमीन). हाच तो डेनगेल्ड कर. हा पैसा राजाच्या तिजोरीत, डेन लोकांना छदाम नाही.

मधे 1018 आहे, तिथे तर भलेभले आपटतात. 72,000 पौंड, वर एकट्या लंडनचे 10,500. पण तेव्हा राजा क्नूटच होता, म्हणजे डेन राजाने स्वतःच्या इंग्लिश प्रजेकडून वसूल करून आपल्याच फौजेचा हिशोब चुकता केला आणि बरीचशी जहाजं परत पाठवली. मी कुठलाही आकडा उतरवताना शेजारी लिहून ठेवतो, कोणी भरला, कोणाला गेला. जरा वेळ जातो, जाऊ दे.

दुसरा वैताग म्हणजे पौंडाचे रुपये करणारे. 10,000 पौंड गूगलमध्ये टाकायचे आणि "फक्त दहा-बारा लाख!" म्हणून थंबनेल बनवायचं. अरे बाबा, तेव्हा पौंडाचं नाणंच नव्हतं, हिशोबात 1 पौंड म्हणजे चांदीच्या 240 पेनी. म्हणजे 24 लाख नाणी पाडायची, मोजायची आणि पोचवायची. 1018 चे 72,000 धरले तर पावणेदोन कोटींच्या आसपास. हे आकडे खरेच एवढे होते का यावर 1980 च्या दशकात गिलिंगहॅम आणि लॉसन या इतिहासकारांची चांगलीच जुंपली होती, तेव्हा "क्रॉनिकलनुसार" एवढं तरी लिहा.

डेनलॉ आणि डेनगेल्ड वेगळे, पहिला इंग्लंडातला डेन लोकांच्या अमलाखालचा प्रदेश, दुसरा कर.

एथेलरेडने ही पद्धत शोधली नाही. 845 ला पॅरिस वाचवायला फ्रँक राजा चार्ल्स द बाल्डने 7,000 पौंड दिलेच होते.

एथेलरेड म्हणजे "भित्रा राजा, नुसते पैसे वाटले" हेही नको. माल्डनला आधी लढाई झाली, मग पैसे.

आणि घेणारे सगळे डेन नव्हते. 994 चा ओलाफ ट्रिग्वासन नॉर्वेचा. स्वीडनमध्ये उप्लांडला यिटेरगेर्डेचा रुणी लेख असलेला दगड आहे, त्यावर उल्फ नावाच्या माणसाने इंग्लंडात तीनदा गेल्ड (म्हणजे असे पैसे) घेतल्याचं कोरलंय, पहिला तोस्तीने दिलेला, मग थोरकेलने, मग क्नूटने.