३२-बिट जावावरून ६४-बिटवर जाताना: आधी डीएलएल शोधा

सर्व्हर ६४-बिट आहे म्हणून त्यावरचं ॲप्लिकेशनही ६४-बिट चालतंय, असं धरून चालू नका. विंडोज सर्व्हर २००८ आरटूपासून ३२-बिट आवृत्ती मिळतच नाही, तरी आजही कित्येक ऑफिसांत टॉमकॅटखाली (जावाची वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) ३२-बिट जावा ८ ठाण मांडून बसलेला असतो. कुणीतरी कधीतरी जुन्या मशीनवरून फोल्डर उचलून तसाच नव्यावर टाकलेला असतो, आणि चालतंय म्हटल्यावर पुन्हा कोण हात लावतो? मग मशीनला ६४ जीबी रॅम असून पगाराचा रिपोर्ट काढताना मेमरी संपते. ३२-बिट प्रोसेसला पत्ते मोजायलाच जास्तीत जास्त ४ जीबीची जागा. त्यात जावाला हीपसाठी, म्हणजे डेटा ठेवायच्या मेमरीसाठी, सलग तुकडा लागतो, आणि मध्येमध्ये डीएलएल (विंडोजवरच्या तयार कोडच्या लायब्ररी फाइली) येऊन बसलेल्या असल्यामुळे विंडोजवर तो साधारण दीड जीबीच्या पुढे मिळत नाही. रॅम कितीही वाढवा, उपयोग शून्य. शिवाय पुढचा रस्ताही बंद झालाय. विंडोजवरचा ३२-बिट जावा जेडीके २१ मध्ये मोडीत काढायच्या यादीत गेला आणि २४ मध्ये काढूनच टाकला.

तेव्हा पहिलं काम, आपण कुठे उभे आहोत ते बघा. कमांड प्रॉम्प्टवर जावाला आवृत्ती विचारली आणि उत्तरात ‘६४-बिट सर्व्हर व्हीएम’ आलं नाही, तर तुम्ही ३२ वर आहात. पण कमांड प्रॉम्प्टला सापडलेला जावा आणि सर्व्हिसने उचललेला जावा एकच असतो असं नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा रकाना चालू करून टॉमकॅटच्या नावापुढे काय लिहिलंय ते डोळ्यांनी वाचा.

बॅकअप, डाउनटाइमची मेल, साहेबांची मंजुरी हे तुम्हाला माहीत आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. जावाचा तुमचा स्वतःचा कोड ३२ काय नि ६४ काय, सारखाच चालतो. वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं गाठोडं) एका अक्षराचा बदल न करता नव्या जावावर चढते, लॉगिन होतं, मेनू उघडतात, आणि आपण निर्धास्त होतो. घोडं पेंड खातं ते नेटिव्ह, म्हणजे जावात न लिहिलेल्या, थेट प्रोसेसरसाठी बनवलेल्या डीएलएलपाशी. ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल लोड होत नाही. त्याला कुठलंही सेटिंग नाही, पळवाट नाही. म्हणून आधी डीएलएलची यादी. जावा डाउनलोड करायच्याही आधी.

या यादीत नेहमीची मंडळी असतात. एसक्यूएल सर्व्हरला विंडोजच्या लॉगिनने जोडत असाल तर ड्रायव्हरसोबतची ऑथेंटिकेशनची डीएलएल. सॅपशी (कंपनीचे हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बोलत असाल तर जेको, म्हणजे सॅपची जावासाठीची जोडणी. सर्व्हरवर वर्ड-एक्सेल चालवणारं जेकब. पुढे आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) ठेवून मागे टॉमकॅटला जोडलं असेल तर विनंत्या टॉमकॅटकडे वळवणाऱ्या रीडायरेक्टरची आयसॅपी डीएलएल. ती टॉमकॅटमध्ये नाही, आयआयएसच्या ॲप्लिकेशन पूलमध्ये लोड होते, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा. या सगळ्यांच्या ६४-बिट आवृत्त्या मिळतात, आणून ठेवा. आपल्याकडे आणखी एक हमखास सापडते: जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी, कुणीतरी फार पूर्वी लिहून दिलेली डीएलएल. तिचा सोर्स कोड कुणाकडेच नसतो. अशा वेळी तिला एका छोट्या वेगळ्या ३२-बिट प्रोसेसमध्ये ठेवा आणि मुख्य ॲप्लिकेशनमधून लोकल पोर्टवर तिच्याशी बोला. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं.

आणि डिजिटल सहीच्या टोकनची (सहीची गुप्त किल्ली ठेवणाऱ्या यूएसबी उपकरणाची) डीएलएल. ही आमच्या यादीत नव्हती. ॲप्लिकेशन कित्येक महिने झकास चाललं, कुणाची तक्रार नाही. जून उजाडला, फॉर्म १६ वर सह्या करायची वेळ आली, आणि बटण दाबल्यावर लॉगमध्ये ओळ आली: ‘कान्ट लोड आयए ३२-बिट डॉट डीएलएल ऑन अ एएमडी ६४-बिट प्लॅटफॉर्म’. फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून. पुढचं सांगत नाही.

हे का निसटतं ते समजून घ्या. जावा डीएलएल सुरुवातीलाच लोड करत नाही. तिला हाक मारणारा कोड पहिल्यांदा चालतो तेव्हा करतो. त्यामुळे सिसइंटर्नल्सचं लिस्टडीएलएल्स चालवून जी यादी मिळते ती त्या क्षणी लोड असलेल्यांची. वर्षातून एकदा लागणारी त्यात नसणारच. म्हणून यादी तीन बाजूंनी करा. चालू प्रोसेसमधून एक. कोड आणि सगळ्या जार फाइली (जावाच्या लायब्ररी) धुंडाळून, ‘लोडलायब्ररी’ कुठे कुठे आहे ते बघून दुसरी. आणि तिसरी, जी सगळे टाळतात: प्रॉपर्टीज, एक्सएमएल, सीएफजी, बॅच अशा झाडून सगळ्या मजकुरी फाइलींत ‘डॉट डीएलएल’ शोधा. टोकनची डीएलएल इथेच असते, पीकेसीएस-११ च्या (टोकनशी बोलायची ठरलेली पद्धत) तीन-चार ओळींच्या कॉन्फिग फाइलमध्ये. कोडमध्ये तिचं नावही सापडत नाही.

यादीतली प्रत्येक फाइल ३२ की ६४ हे बघायला फार हत्यारं लागत नाहीत. डीएलएलची प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडा. कचरा दिसेल. वरच्या भागातच इंग्रजी ‘पीई’ ही दोन अक्षरं शोधा. त्यांच्यानंतर मोठ्या लिपीतला ‘एल’ असेल तर ३२-बिट. लहान लिपीतला ‘डी’ आणि त्याला चिकटून खंजिराचं चिन्ह असेल तर ६४-बिट. फाइलच्या नावावर किंवा फोल्डरच्या नावावर विश्वास ठेवू नका.

फोल्डरच्या नावावर तर मुळीच नको. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४-बिट डीएलएल असतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२-बिट. उलटं वाचलं नाही तुम्ही, तसंच आहे. ३२-बिट प्रोसेसने सिस्टिम३२ मधली फाइल मागितली की विंडोज तिला गुपचूप सिसवाव६४ मधली देतं. म्हणजे कॉन्फिगमध्ये टोकनच्या डीएलएलचा पत्ता सिस्टिम३२ चा लिहिलेला असतो, इतकी वर्षं फाइल मिळत होती सिसवाव६४ मधली, आणि ६४-बिट जावा तोच पत्ता घेऊन खऱ्या सिस्टिम३२ मध्ये जातो. तिथे ती नसेल तर ‘फाइल सापडली नाही’. टोकनचा ड्रायव्हर ६४-बिट इन्स्टॉलरने पुन्हा टाका आणि खात्री करा. जावा ७ वरून येत असाल तर आणखी एक गोष्ट: विंडोजवरच्या ६४-बिट जावा ७ मध्ये सनचा (जावाची मूळ कंपनी) पीकेसीएस-११ प्रोव्हायडर, म्हणजे जावातला टोकनशी बोलणारा भागच नव्हता, तो जावा ८ पासून आला. त्यामुळे ७ वर राहून ६४-बिट करायचा विचार सोडा.

आणि टोकनची चाचणी रिमोट डेस्कटॉपवरून करू नका. त्या सेशनमध्ये सर्व्हरला लावलेलं स्मार्टकार्ड टोकन दिसत नाही, तुमच्या लॅपटॉपचं दिसतं. चालत असलेलं बंद आहे असं वाटून दिवस फुकट जातो. सर्व्हिसमधून सही करून बघा. खरी पीडीएफ, खरी सही.

आता जावाच्या पोटातल्या गोष्टी. नवा जावा नव्या फोल्डरात येतो आणि जुन्यात वर्षानुवर्षं कोंबलेलं काहीही सोबत आणत नाही. सगळ्यात आधी सीएसर्ट्‌स, म्हणजे जावा ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्या सर्टिफिकेटांची फाइल: बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलच्या एपीआयसाठी कुणीतरी सर्टिफिकेट इम्पोर्ट केलेलं असतं. ते राहिलं की ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’. दोन्ही फाइलींतली सर्टिफिकेटं कीटूलने छापून ताडून बघा. जुनी फाइल नव्यावर चढवू नका, कालबाह्य रूट पण येतील. मग लिब-एक्स्ट फोल्डरात टाकलेल्या जार. फॉन्ट. ८यू१६१ च्या आधीचा जावा असेल तर अमर्यादित एन्क्रिप्शनच्या पॉलिसी फाइली. त्यानंतरच्यात त्या लागत नाहीत.

टॉमकॅटची सर्व्हिस चालवणारी ईएक्सई सुद्धा ३२ आणि ६४ अशी वेगळी येते. जुन्याच ईएक्सईला नवा जावा दाखवलात तर सर्व्हिस उठणार नाही. तिची मेमरीची आणि लायब्ररी पाथची सेटिंगं रजिस्ट्रीत असतात, सेटएन्व्ह बॅच फाइलमध्ये नव्हे. सर्व्हिस ती फाइल वाचतच नाही. जुन्या सर्व्हिसच्या जावा टॅबमधला सगळा मजकूर कॉपी करून ठेवा. त्यातल्या लायब्ररी पाथची ओळ नीट वाचा, कारण डीएलएल कुठे पडल्यात ते तिथेच कळतं.

जावा ८ च्या आधीच्या आवृत्तीवर ओडीबीसीच्या (विंडोजची डेटाबेसशी जोडायची पद्धत) पुलावरून ॲक्सेसची फाइल वाचत असाल, तर तो पूल जावा ८ मध्ये राहिलेला नाही. शुद्ध जावा ड्रायव्हर घ्या. इतर कशासाठी ओडीबीसी लागत असेल तर डीएसएन (डेटाबेसच्या जोडणीची नोंद) पुन्हा करावा लागेल, ६४-बिट ॲडमिनिस्ट्रेटरमधून. ३२-बिटमध्ये केलेला सिस्टिम डीएसएन ६४-बिट प्रोसेसला दिसत नाही.

मेमरी. सगळ्यांना इथेच घाई असते: ६४ जीबी आहे ना, द्या ४८. देऊ नका. त्याच डेटाला ६४-बिटवर जास्त जागा लागते, कारण पॉइंटर (मेमरीतल्या डेटाचा पत्ता) ४ बाइटचा ८ होतो. जावा ६यू२३ पासून हॉटस्पॉट (जावाचं इंजिन) पॉइंटर आपोआप दाबून पुन्हा ४ बाइटचे करतो, पण हीप ३२ जीबीच्या आत असेल तोवरच. ती रेष ओलांडली की सगळे पॉइंटर एकदम ८ बाइटचे, आणि ३४ जीबीच्या हीपमध्ये ३१ पेक्षाही कमी माल मावतो. दाबूनही ऑब्जेक्टचा हेडर ८ चा १२ बाइट होतोच. जुन्या हीपला तीस टक्के जास्त धरून आकडा काढा, वर पगाराच्या दिवसाची गर्दी मिळवा. दीड जीबीत कसंबसं चालणाऱ्या ॲप्लिकेशनला ४ ते ६ जीबी पुष्कळ झाले. थ्रेडचा स्टॅक ३२-बिट विंडोजवर ३२० केबी होता तो ६४ वर १ एमबी होतो. टॉमकॅटचे नेहमीचे २०० थ्रेड धरले तर हीपबाहेर तेवढी जागा सोडा. व्हर्च्युअल मशीन असेल तर व्हीएमवेअरवाल्याकडून पूर्ण मेमरी राखून घ्या, नाहीतर तो गुपचूप काढून घेतो आणि जीसी (नको झालेली मेमरी मोकळी करणारा जावाचा झाडूवाला) रांगायला लागतो.

मोठ्या हीपचा दुसरा भुर्दंड म्हणजे थांबे. जावा ८ सर्व्हरवर स्वतःहून पॅरलल जीसी निवडतो. त्याचा फुल जीसी सगळे थ्रेड थांबवून होतो, आणि हीप मोठा तसा थांबा मोठा. लोड बॅलन्सरला (सर्व्हरांत काम वाटणाऱ्याला) वाटतं सर्व्हर मेला. जी-वन (लहान थांबे घेणारा जीसी) लावा, जीसी लॉग पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मेमरी संपल्यावर हीप डंप (हीपची फाइलमधली प्रत) काढायचं सेटिंग असेल तर तो सी ड्राइव्हवर पडू देऊ नका, डंप हीपएवढा मोठा होऊ शकतो. आणि गळती असेल तर ती ६४-बिटने बरी होत नाही. आठवड्याने पडणारा सर्व्हर दोन महिन्यांनी पडेल, एवढंच.

चाचणी: नवा टॉमकॅट वेगळ्या पोर्टवर, त्याच मशीनवर. लॉगिन झालं म्हणजे झालं नाही. अकाउंट्स आणि एचआरच्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, वर्षातून एकदाच कुठली बटणं दाबता? त्यांना हे माहीत असतं, आपल्याला नसतं. प्रत्येक बटण दाबा. फॉर्म १६ ची सही. वर्षअखेरीचा क्लोजिंग रिपोर्ट. सॅपला जाणारी जेव्ही (जर्नल व्हाउचर). यादीतली एकेक डीएलएल लोड झाल्याचं लॉगमध्ये दिसेपर्यंत तिच्यापुढे टिक मारायची नाही. ‘चालेल’ ही टिक नव्हे.

टास्क शेड्युलरमधले रात्रीचे जॉबही बघा. बॅच फाइलींत ‘प्रोग्राम फाइल्स एक्स८६’ चा पत्ता ठोकून लिहिलेला असतो, ते जॉब जुन्याच जावावर चालत राहतील आणि जुना काढला की त्याच रात्री पडतील. अँटिव्हायरसला नवा फोल्डर सांगा. फायरवॉलचा नियम जुन्या ईएक्सईच्या नावाने असेल तर नवा करा.

बदल शनिवारी रात्री, महिन्याच्या मधल्या आठवड्यात, पगार आणि जीएसटीच्या तारखा सोडून. जुनी सर्व्हिस बंद करा, नवी त्याच पोर्टवर उठवा, लॉग बघा, दोन सह्या करून बघा, झोपायला जा. सोमवारी सकाळी जागेवर हजर.

जुनी सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ ठेवा, काढू नका. ३२-बिट जावाही अनइन्स्टॉल करू नका, निदान एक जून महिना पूर्ण उलटेपर्यंत.