जुनं रुग्णालय किंवा कॉलेज पाडण्याआधी जमिनीची तपासणी कशी करावी

पुण्यात जुनं रुग्णालय, कॉलेजची प्रयोगशाळा किंवा आयटीआयचं वर्कशॉप पाडून तिथे सदनिका बांधायच्या असतील, तर जमिनीची तपासणी इमारत उभी असतानाच करा. जेसीबी एकदा लागला की ड्रेनेजच्या लाइनी तुटतात, चेंबर गाडले जातात, सिमेंटच्या पत्र्यांचा चुरा होतो आणि राडारोडा खड्ड्यात ढकलून वरून दाबला जातो. घाण नेमकी कुठून जमिनीत उतरली, हे सांगणारी खूणच मग उरत नाही. तपासणीचा खर्च वाढतो आणि उत्तर मात्र मोघम मिळतं.

आधी कागद, मग माणसं

प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापनाचा नकाशा, महापालिकेचे मंजूर बांधकाम नकाशे, सर्व्हे ऑफ इंडियाचा ४७ एफ/१४ हा नकाशा आणि गूगल अर्थवरची मागच्या वर्षांची चित्रं एकमेकांशेजारी ठेवून बघा. बुजवलेली विहीर, वळवलेला ओढा, नाहीसा झालेला जनरेटर शेड आणि भराव टाकून उंच केलेला कोपरा यांवर खुणा करा. नदीकाठची जागा असेल तर १९६१ च्या पानशेतच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं का, तेही बघा. पुरानंतर साफसफाई करताना कशावर काय टाकलं गेलं, हे सहसा कुठल्याच नकाशावर येत नाही.

जुने प्लंबर, वॉर्डबॉय, प्रयोगशाळा सहायक, इलेक्ट्रिशियन यांना गाठा. ‘इथे प्रदूषण होतं का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: बॉयलरचं तेल टँकरमधून कुठे उतरवायचे? फुटलेले थर्मामीटर कुठे जायचे? या बेसिनचं पाणी कुठल्या चेंबरला मिळतं? विहीर कशाने बुजवली? शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. आवारातली बुजवलेली विहीर म्हणजे कित्येकदा बाटल्या, राख, रंगाचे डबे टाकायची सोयीची जागा असते. शिवाय ती खडकात उतरलेली असल्याने पावसाळ्यात भूजल थेट त्या कचऱ्यातून वर येतं.

कुठे काय सापडतं

रुग्णालयात पारा, इन्सिनरेटरची राख, क्ष-किरण फिल्म धुतलेल्या पाण्यातली चांदी, जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल. वर्कशॉपमध्ये कटिंग ऑइल, सुटे भाग धुण्याचं ट्रायक्लोरोएथिलीन, प्लेटिंगचं क्रोमियम. जुन्या ट्रान्सफॉर्मरखाली पीसीबी या विषारी रसायनाचं तेल असू शकतं. एनसीसीच्या किंवा पोलिसांच्या नेमबाजीच्या मैदानावर गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधात शिसं. इमारतीच्या जुन्या पायाभोवती वाळवीसाठी ओतलेलं ऑल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन. हे बहुतेक तपासणी यादीत नसतं, म्हणून आवर्जून मागा. साधं क्ष-किरण यंत्र बंद केलं की मागे किरणोत्सार राहत नाही. न्यूक्लिअर मेडिसिन किंवा ब्रॅकीथेरपी, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ शरीरात देऊन तपासणी-उपचार व्हायचे, त्या खोल्यांचं तसं नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचं त्या खोल्यांबाबतचं पत्र हाती येईपर्यंत तिथे तोडफोड करू नका.

पारा शोधायचा तर रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त व्हायची ती खोली, दंतविभाग आणि प्रयोगशाळेची बेसिनं धरा. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा मारा. फरशांच्या सांध्यात मोहरीपेक्षा बारीक चंदेरी मणी चमकतात. मग बेसिनखालचा ट्रॅप बादलीवर धरून सोडवा. पारा जड असल्याने तळाच्या काळ्या गाळात बसलेला असतो. झाडूने किंवा व्हॅक्यूमने तो काढायला जाऊ नका, बारीक थेंब होऊन त्याची वाफ खोलीभर पसरते.

खड्डा कुठे आणि किती खोल

सगळ्या प्लॉटवर चौकटी आखून समान अंतराने नमुने घेण्यात पैसे घालवू नका. दोन तृतीयांश नमुने संशयाच्या जागी घ्या: चेंबरचे सांधे, शोषखड्डा, टाकीचं तोंड, शेडचा पाणी वाहून जाणारा कोपरा. उरलेले चौकटीवर. जमिनीखालची टाकी शोधायला चुंबकीय सर्वेक्षण पुण्यात फारसं कामाचं नाही, कारण बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे. ओल्या काळ्या मातीत रडारचा सिग्नलही लवकर मरतो. त्यापेक्षा भिंतीवर चढलेला, वर कुठेच न जोडलेला दोन इंची व्हेंट पाइप शोधा. टाकी त्याच्याच आसपास असते.

खोली ठरवताना इथला भूगर्भ लक्षात ठेवा. वर काळी माती किंवा भराव, मग मुरूम, मग खडक. मुरमातून पाणी झरझर उतरतं, खडकावर अडतं आणि उताराच्या दिशेने सरकतं. डिझेल आणि विरघळलेली रसायनं त्याच वाटेने जातात. एक मीटरवर थांबलेल्या खड्ड्यात काही सापडलं नाही म्हणून जागा स्वच्छ ठरत नाही. प्रत्येक संशयाच्या जागी किमान तीन नमुने हवेत: वरचे १५ सेंटिमीटर, ड्रेनेज पाइपच्या तळाखाली, आणि खडकाला लागून असलेला मुरूम.

खड्डा सव्वा मीटरपेक्षा खोल गेला की आत उतरू नका, बकेटमधल्या ढेकळाच्या मधली माती घ्या. डिझेलचा संशय असेल तर मूठभर माती काचेच्या बरणीत अर्ध्या पाण्यात हलवा. वर इंद्रधनुषी तवंग आला तर खोल जा. माती तोंडाजवळ नेऊन वास घेऊ नका. सीलबंद पिशवीत अर्धी भरून दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि पीआयडीची, म्हणजे उडणाऱ्या रसायनांची वाफ मोजणाऱ्या यंत्राची, नळी आत घाला.

सर्वांत महागडी चूक म्हणजे पाच जागांची माती एकत्र करून एक नमुना पाठवणं. एका जागी शिसं किलोला ४०० मिलिग्रॅम आणि चार जागी ५० असेल तर सरासरी १२० येते. कॅनडाच्या निवासी जागेच्या १४० या मर्यादेखाली. अहवाल स्वच्छ, आणि मुलांची खेळायची जागा नेमकी त्या ४०० वर. उडून जाणाऱ्या रसायनांची माती एकत्र केली तर ढवळतानाच ती निघून जातात. अशा नमुन्याची बाटली काठोकाठ भरा, लगेच बर्फात ठेवा. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना वेगळ्या नावाने पाठवा.

प्रयोगशाळा आणि आकडे

प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तुमचा घटक तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का आणि तिची मोजण्याची किमान पातळी तुमच्या मर्यादेखाली आहे का, हे आधी लेखी घ्या. ‘टीसीएलपी पास’ असा शेरा आला म्हणून जागा राहण्यायोग्य होत नाही. ती चाचणी कचऱ्यातून किती विष पाझरतं हे बघून तो धोकादायक आहे का, हे ठरवण्यासाठी असते. मुलांच्या हातातोंडाला लागणाऱ्या मातीसाठी एकूण प्रमाणच बघावं लागतं.

उलटी चूकही होते. कॅनडाची तांब्याची निवासी मर्यादा किलोला ६३ मिलिग्रॅम आहे आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं सहसा मुळातच त्याहून जास्त. निकेल, क्रोमियमही तसंच. म्हणून आवाराच्या वरच्या अंगाला, इमारतींपासून दूर, न हललेल्या जमिनीतून काळ्या मातीचे तीन-चार आणि मुरमाचे तीन-चार नमुने वेगळे घ्या. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय एकही ट्रक माती उपसून पाठवू नका. जी खरोखर धोकादायक निघेल ती अधिकृत सुविधेतच जाते. पुण्याला ती रांजणगावला आहे.

कायद्याचं थोडक्यात: बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. वास्तुविशारदाला दोन्ही सुरुवातीलाच दाखवा.

भूजल

किमान तीन बोअर, त्रिकोणात, एक वरच्या अंगाला. पातळी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोजा. भेगांच्या खडकात तीन बोअरनी काढलेली पाणी वाहण्याची दिशा चुकू शकते, म्हणून शेजारच्या सोसायट्यांच्या बोअरचं पाणीही घ्या. तेच लोक ते वापरतात. बोअर घेणाऱ्या डीटीएच मशीनच्या हातोड्याला वंगण तेल लागतं आणि हवेच्या झोताने उडणारी रसायनं निघून जातात, म्हणून त्याच्या चुऱ्यावर तेलाची चाचणी करू नका. वरच्या मातीत केसिंग बसवा आणि बाहेरची फट बेंटोनाइटने (पाण्यात फुगणारी चिकणमाती) बंद करा, नाहीतर तुमचाच बोअर घाण खाली नेईल. पन्नास मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला सुमारे दोन लिटर पाणी असतं. उभ्या पाण्याच्या तिप्पट उपसून मगच नमुना भरा.

पावसाळ्यानंतरचे नमुने होईपर्यंत हे बोअर बुजवू देऊ नका, मग खालून वर सिमेंट-बेंटोनाइटचा घोळ भरून बंद करा. वरून मुरूम टाकून तोंड झाकलं तर पार्किंगचं तळघर खोदताना तेच पाणी भिंतीतून येतं.