अल्झायमर आणि डीएनए मेथिलेशन : बेळगावातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

डीएनए मेथिलेशन म्हणजे डीएनएवर बसणारी मेथिल गटाची रासायनिक खूण. अल्झायमरमध्ये ती कशी बदलते हे अभ्यासायला निघालेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एम.एस्सी.च्या मुलांची पहिली अडचण म्हणजे मेंदूचा नमुना. तो मृत्यूनंतरच मिळतो. जवळची ब्रेन बँक (मेंदूचे नमुने जपून संशोधनाला देणारी सोय) बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेची, आणि मागणीआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवीच. तोवर हात बांधून बसू नका. जीईओ या जनुकीय माहितीच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात जीएसई ५९६८५ हा संच आहे : मेंदूचे वेगवेगळे भाग, शिवाय रक्तही. २०१४ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये एकाच वेळी आलेल्या दोन शोधनिबंधांत एएनके१ जनुक ठळकपणे पुढे आलं, त्यातल्या एकाची ही माहिती. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि तिच्यातलं मेथिलेशनसाठीचं मिन्फी पॅकेज शिकायला एवढी पुष्कळ झाली.

रुग्ण आणि निरोगी यांच्या मेथिलेशनमध्ये फरक दिसला की लगेच हुरळू नका. अल्झायमरमध्ये न्यूरॉन (चेतापेशी) मरतात, ग्लिया (त्यांच्या आधारपेशी) वाढतात, आणि दोघांचं मेथिलेशन मुळातच वेगळं असतं. म्हणजे तुम्हाला दिसलेला बदल रोगाचा नसून निव्वळ पेशींच्या प्रमाणाचा असू शकतो. न्यूएन या न्यूरॉनच्या केंद्रकातल्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने न्यूरॉनची केंद्रकं वेगळी काढा. ते जमत नसेल तर पेशींचं अंदाजे प्रमाण मॉडेलमध्ये घ्या. खरे फरक बहुतेकदा काही टक्क्यांचेच असतात. मेथिलेशन मोजणाऱ्या ४५०के चिपवर १२ नमुने बसायचे. एका चिपवर सगळे रुग्ण आणि दुसरीवर सगळे निरोगी ठेवले, तर चिपचाच फरक रोगाचा म्हणून समोर येतो.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेच्या बाकावर बायसल्फाइटला (मेथिलेशन ओळखायची रासायनिक प्रक्रिया) साधारण ५०० नॅनोग्रॅम डीएनए घ्या. मेथिल नसलेला सी (सायटोसिन) यूमध्ये (युरासिल) बदलतो, मेथिल असलेला तसाच राहतो. रूपांतर अर्धवट झालं तर खोटं मेथिलेशन दिसतं, म्हणून ० आणि १०० टक्के मेथिलेशन असलेले कंट्रोल प्रत्येक खेपेला लावा. रूपांतरित डीएनए एकपदरी असतो : नॅनोड्रॉपवर (डीएनएचं प्रमाण मोजणारं यंत्र) आरएनएची सेटिंग ठेवा. जेलवर काहीच दिसलं नाही तरी नमुना फेकू नका, जेल काही मिनिटं बर्फावर ठेवून पुन्हा बघा. पीसीआरला पीएफयूसारखं एन्झाइम चालत नाही, ते यूपाशी अडतं. हॉट-स्टार्ट टॅक (तापवल्यावरच चालू होणारं एन्झाइम) घ्या. प्रायमर २६ ते ३० बेसचे, शक्यतो आत सीपीजी (सीनंतर लगेच जी, जिथे मेथिल बसतो ती जागा) नको, आणि तुकडा ३०० बेसच्या आत, कारण बायसल्फाइटने डीएनए तुटतो.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. मेंदूत हायड्रॉक्सीमेथिल सी (मेथिल सीचंच ऑक्सिडीकृत रूप) भरपूर असतो आणि साध्या बायसल्फाइटला तो मेथिल सीसारखाच दिसतो. दोन्ही वेगळे मोजायचे तर ऑक्सिडेटिव्ह बायसल्फाइटची जोड द्यावी लागते. खर्च जवळपास दुप्पट होतो, तो प्रकल्पाच्या अर्जातच मागून ठेवा.