पाहुणे गोव्याला आले की आधी जेवणाचं बघा, फिरणं आपोआप होतं

मी लग्न होऊन फोंड्याला आले तेव्हापासून दर मे महिन्यात आणि दिवाळीला आमच्याकडे कोणी ना कोणी येतंच, कधी सांगलीचे काका-काकू, कधी मामी आणि तिची दोन वांड पोरं, कधी सगळे एकदम. सुरुवातीला मी वेड्यासारखी वहीत टाइमटेबल करायचे, सकाळी हा किल्ला, मग तो बीच, मग ते मंदिर, आणि दुपारी तीन वाजता भर उन्हात नऊ माणसं गाडीत उपाशी बसून एकमेकांवर खेकसतायत असं व्हायचं. आता उलटं करते. दुपारचं जेवण कुठे आणि किती वाजता ते पहिल्यांदा ठरवायचं आणि मग त्याच्या आजूबाजूला जे बसेल ते बघायचं. दिवसाला दोन ठिकाणं, तिसरं कोणी बोललं तर ऐकू आलं नाही असं करायचं.

पण त्याच्याही आधी एक काम, तिकीट काढायच्या वेळीच फोन करून सांगा की कुठे उतरायचं. लोकांना वाटतं गोवा म्हणजे एक स्टेशन. फोंडा-पणजीकडे यायचं तर करमळी, म्हापसा-कळंगुट बाजूला जायचं तर थिवी, दक्षिणेला मडगाव. विमानाचंही तेच, दाबोळी वेगळं आणि २०२३ पासून सुरू झालेलं मोपा वेगळं, ते पार पेडण्याला. आमच्या एका पाहुण्यांनी स्वस्त मिळालं म्हणून मोपाचं तिकीट काढलं आणि हॉटेल घेतलं मडगावच्या पुढे, टॅक्सीत सगळी बचत गेली. मुंबई-पुण्याची सवय असते म्हणून उतरल्या उतरल्या ओला-उबर शोधत बसतात, त्यांना आधीच गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप मोबाइलवर टाकून घ्यायला सांगा नाहीतर कदंबाची सरकारी बस आहेच.

सकाळी घरी पोहे-उपमा करत बसू नका. पाहुणे आल्यावर निम्मा दिवस ओट्यापाशी गेला की आपलाच मूड जातो. सरळ कुठल्याही साध्या हॉटेलात भाजी-पाव खायला न्या, आणि आधी सांगा की ही तुमची बटर घातलेली पावभाजी नाही. इथे पातळ भाजी वेगळी, सुकी वेगळी, ठरवता येत नसेल तर मिक्स मागवायची, सोबत मिरची भजी, आणि पोरांना गोडसर बन्स. आमच्या काकूंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, 'एवढंसं काय हे बशीत', आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या अळसांद्याची (म्हणजे इथल्या चवळीची) आहे का बघ गं. पाव मात्र एकदम मागवू नका, गरम येतात तसे घ्या.

आता आमचा ठरलेला एक दिवस सांगते, म्हाताऱ्या माणसांसकट जमतो. आठला घर सोडायचं, जुनं गोवं. बॉम जीझसचं ते गिलावा नसलेलं जांभ्या दगडाचं चर्च आणि समोरचं से कॅथेड्रल, दोन्ही रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही होतं. खांदे झाकलेले कपडे घाला, पोरांना कुजबुजत बोलायला सांगा. तिथून व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली सरळ गेलं की फेरीचा धक्का. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही हे कळल्यावर आमच्या काकांना जो आनंद झाला तो आख्ख्या ट्रिपमध्ये परत दिसला नाही, एकदा पलीकडे जाऊन परत येऊन परत जाऊया म्हणत होते. गाडी फेरीवर घेतली की हँडब्रेक घट्ट ओढा आणि पोरांचे हात धरा, बाकी काही भीती नाही.

पलीकडे दिवाडी बेट. भाताची खाचरं, मोठाल्या जुन्या घरांच्या बाल्कन्या, आणि पिएदादच्या टेकडीवर चर्चपाशी उभं राहिलं की मांडवी दिसते. हुकमाचा पत्ता मी त्याच्यानंतर काढते. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला अजून एक फेरी आहे, ती नार्व्याला नेते आणि नार्व्याला सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीलाच होतं, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ पुन्हा बांधायला लावलं. म्हणजे देव ज्या वाटेने गेला साधारण त्याच वाटेने आपण फेरीतून जातो. हे फेरीत बसल्यावरच सांगायचं, आधी नाही. तोवर 'बीच कधी, बीच कधी' करणारे काका एकदम गप्प झाले आणि देवळात पोचल्यावर दीपस्तंभापाशी स्वतःच पोरांना माहिती सांगायला लागले, जणू काही त्यांनाच सापडलं. सांगू द्यावं.

तिथून डिचोली, आणि जेवायला साडेबारा-पाऊणलाच बसायचं. हे मी ओरडून सांगते कारण पुण्याचे लोक दोनला 'भूक लागली वाटतं' म्हणतात आणि अडीचला हॉटेलवाला हात हलवून सांगतो, मासळी संपली. दुपारी एक ते साडेतीन-चार बाजारही झोपतो, त्यामुळे जेवून पाहुण्यांना घरी आणून पंख्याखाली आडवं करा, तुम्हीपण व्हा.

जेवण मागवताना भाषेचा घोळ होतो तो असा. वेटर टेबलाशी आला आणि विचारलं, 'नुस्तें काय शिवराक?' काका म्हणाले, 'नुसतं कशाला बाबा, मासे पण आण की!' पोरगा बिचारा बघतच राहिला. नुस्तें म्हणजेच मासे आणि शिवराक म्हणजे शाकाहारी, एवढे दोन शब्द पाहुण्यांना शिकवा, पुरतात. थाळीत शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, सुकटीची किसमूर म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी असं असतं, पण तळलेला मोठा तुकडा बऱ्याचदा वेगळा लागतो. चणक, इसवण, पापलेट याच्यासमोर मेनूत आकडा नसेल आणि साइजप्रमाणे असं लिहिलं असेल तर कच्चा मासा बशीत आणून दाखवायला सांगा आणि भाव ऐकूनच हो म्हणा. आम्ही एकदा लाजलो, पाहुण्यांसमोर काय भाव विचारायचा म्हणून, आणि बिल बघून आमच्या ह्यांनी सोलकढीचा तिसरा ग्लास परत पाठवला. जून-जुलै ट्रॉलरना बंदी असते तेव्हा तर विचाराच, आणि श्रावणात आले तर घरातल्या सासूबाईंनाही आधी विचारा. काकू शाकाहारी, त्यांच्यासाठी मी मंदिरांच्या बाजूची शाकाहारी हॉटेलं बघून ठेवते, मासे तळलेल्या तेलाचा वास त्यांना चालत नाही. खतखतें, म्हणजे बऱ्याच भाज्यांची नारळ घातलेली मिक्स भाजी, हॉटेलात सहसा मिळत नाही, ते घरीच करून घाला, एवढं एक केलं की आपलं नाव सांगलीपर्यंत जातं.

संध्याकाळी मग बीच, पोरं वाळूत सोडायची. लाल बावटा असेल तर पाण्यात नाही, मामा कितीही पट्टीचे पोहणारे असले तरी कृष्णेतलं पोहणं वेगळं आणि हे वेगळं. परत येताना गाड्यावर रॉस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शागुतीचा (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातल्या चिकनचा) गरम रस्सा ओतलेला आणि वर कांदा-लिंबू, उभ्यानेच खायचं. रात्रीचा स्वयंपाक वाचला.

निघायच्या दिवशी काजू-कोकमाची खरेदी शुक्रवार असेल तर म्हापशाच्या बाजारात, नाहीतर जवळपास कुठेही. आणि पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकला की पळत जाऊन डझनभर पोई (कोंड्याचे गोल पाव) घ्या, गाडीत खायला होतात, पण त्याच दिवशी संपवा म्हणून बजावा. काकूंनी माझं न ऐकता तीन दिवस डब्यात जपून ठेवल्या आणि मग फोन केला, 'अगं, ह्या आता खलबत्त्यात कुटू का?'