ॲल्युमिनियमच्या पार्टचे कॉस्टिक एचिंग: बाथ, वेळ आणि मायक्रॉनचा हिशेब

कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) बाथमध्ये, म्हणजे द्रावणाच्या टाकीत, ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर आधी विरघळतो आणि पाठोपाठ धातूही; हेच एचिंग. त्यामुळे टाकी तापवण्याआधी ड्रॉइंग बघा. प्रत्येक पृष्ठभागावरून 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाणार असतील तर प्लेटची जाडी 40 मायक्रॉनने घटते आणि भोकाचा व्यास तेवढाच वाढतो. 60 अंशांच्या आट्यांचे गणित आणखी कडक आहे: पिच व्यासात (आट्याच्या साधारण मध्यावर मोजलेल्या व्यासात) चौपट, म्हणजे 80 मायक्रॉनचा फरक पडतो. आटे आणि बेअरिंगच्या जागा मास्क करा (झाकून टाका), नाहीतर मशीनिंगच्या वेळीच तेवढी सूट ठेवा.

टाकी साध्या पोलादाची किंवा स्टेनलेसची चालते. गॅल्व्हनाइज्ड बादली मात्र जवळही नको, कारण जस्तही कॉस्टिकमध्ये विरघळते. 100 लिटरच्या बाथसाठी 70 लिटर थंड पाणी घ्या आणि 5 किलो कॉस्टिक फ्लेक थोडे थोडे टाकत ढवळा. द्रावण चांगलेच तापते. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून अंगावर येते. मग 250 ग्रॅम सोडियम ग्लुकोनेट घाला, पाणी खुणेपर्यंत भरा आणि तापमान 55 अंश सेल्सिअसवर ठेवा. ग्लुकोनेटवर पैसे वाचवू नयेत. ते नसले की विरघळलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन हीटरवर आणि तळाशी दगडासारखे जमते, आणि मग छिन्नीच घ्यावी लागते.

एचिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय जॉब (एच करायचा पार्ट) बाथमध्ये सोडू नका आणि आसपास वेल्डिंग-ग्राइंडिंग ठेवू नका. फेसाच्या जाड थराखाली हायड्रोजन अडकतो, तेव्हा फेस वाढला तर तिकडेही लक्ष द्या. फेस शील्ड, रबरी हातमोजे, ॲप्रन आणि हाताशी आयवॉश एवढे हवेच.

जॉब आधी डीग्रीझ करा, म्हणजे त्याचे तेल-ग्रीस काढा: ॲल्युमिनियमला चालणारा सौम्य अल्कली क्लीनर, 50 ते 60 अंश, 5 मिनिटे. धुतल्यावर पाण्याची पातळ फिल्म सलग राहिली पाहिजे. ती फाटून थेंब झाले तर तेल शिल्लक आहे. असा जॉब एचला गेला की ठिपके पडणारच. नुसत्या सफाईसाठी एच 1 ते 3 मिनिटे, मॅट फिनिशसाठी 5 ते 10. रॅकवर जॉब तिरका लावा, म्हणजे वायू अडकत नाही आणि द्रावण निथळते.

बाथमधून काढल्यावर थेट पाण्यात. इथे रेंगाळले की गरम जॉबवर कॉस्टिक वाळत जाते, एचिंग चालूच राहते आणि ओघळांचे पट्टे उमटतात. बाथ 65 अंशांच्या वर गेला असेल तर हे हमखास होते.

आता जॉब काळपट दिसेल. कॉस्टिकमध्ये न विरघळलेल्या तांबे, लोह, सिलिकॉन यांचा हा स्मट. तो काढायला (डीस्मट करायला) संहत नायट्रिक आम्ल आणि पाणी समप्रमाणात घेऊन (आम्ल पाण्यात ओतायचे) त्यात जॉब साध्या तापमानाला 1-2 मिनिटे बुडवा. कास्टिंगमधला सिलिकॉन याने निघत नाही. त्याला फ्लुओराइडयुक्त डीस्मट द्रावण लागते, आणि ते वापरायचे तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (फ्लुओराइडने भाजल्यावर लावायचे औषध) हाताशी ठेवूनच. शेवटी दोन वेळा स्वच्छ पाणी. आंधळी भोके विशेष धुवा, नाहीतर आत राहिलेले कॉस्टिक नंतर पांढरी भुकटी होऊन बाहेर येते.

बाथ जुना झाला की तेच 5 मिनिटे वेगळे मायक्रॉन काढतात. म्हणून रोज त्याच मिश्रधातूचा 10 बाय 10 सेंटीमीटरचा पातळ पत्रा वजन करून एच करा, डीस्मट करून वाळवा आणि पुन्हा वजन करा. दोन्ही बाजू मिळून क्षेत्र 200 चौरस सेंटीमीटर. वजन 1.08 ग्रॅमने घटले तर 2.7 घनतेने भागून 0.4 घन सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूने 20 मायक्रॉन.

वेग कमी पडला की डोळे मिटून सोडा ओतू नका, टायट्रेशन करा, म्हणजे नमुन्यात मोजून आम्ल घालून त्यातले कॉस्टिक काढा. 5 मिली नमुना, 1 नॉर्मल तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल, फिनॉल्फथॅलीन (कॉस्टिकमध्ये गुलाबी होणारा सूचक). रंग जाईपर्यंत लागलेले आम्ल, मिलीमध्ये, अ. मग भरपूर पोटॅशियम फ्लुओराइड घाला, गुलाबी रंग परत येतो. तो पुन्हा घालवायला लागलेले आम्ल ब. मोकळे कॉस्टिक ग्रॅम प्रति लिटर: अ मधून ब चा तिसरा हिस्सा वजा करून 8 ने गुणा. विरघळलेले ॲल्युमिनियम, तेही ग्रॅम प्रति लिटर: ब गुणिले 1.8. अ 10 आणि ब 15 आले तर कॉस्टिक 40, ॲल्युमिनियम 27.

पृष्ठभागावर चकाकणारे दाणे दिसू लागले तर बाथमध्ये जस्त साठले आहे. ते बहुधा 7000 मालिकेच्या (जस्त असलेल्या मिश्रधातूंच्या) जॉबमधून येते. सोडियम सल्फाइडने ते सल्फाइड म्हणून खाली बसते. मात्र सल्फाइड घातलेला बाथ आम्लाच्या जवळ येता कामा नये, विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.