उबुंटू २२.०४ वर जुना प्रोग्रॅम 'लिबएसएसएल' मागत अडला, त्याची गोष्ट

ऑफिसचा सर्व्हर उबुंटू (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम) २०.०४ वरून २२.०४ वर नेला आणि हिशेबाचा एक जुना प्रोग्रॅम सुरूच होईना. त्याचा सोर्स कोड कुणाकडेच नाही, म्हणजे नव्याने बनवायची सोय नाही. एरर स्पष्ट होती: 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१' सापडत नाही. ही ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची लायब्ररी, म्हणजे बरेच प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी तयार कोडची फाइल. प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी 'एलडीडी' ही कमांड चालवल्यावर दोन ओळींपुढे 'नॉट फाउंड' दिसलं, दुसरी ओपनएसएसएलच्याच 'लिबक्रिप्टो' लायब्ररीची. (फाइल अनोळखी असेल तर 'एलडीडी' नको, कधीकधी ते प्रोग्रॅमच चालवतं. 'रीडएल्फ -डी' बरं, ते फाइल न चालवता नुसती वाचतं.)

कारण साधं. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३.० येतं, १.१ काढून टाकलंय. नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाचा शॉर्टकट) द्या, असं बरेच जण सुचवतात. त्याने भागत नाही, कारण लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा सिस्टीमचा भाग) फाइलच्या नावासोबत आतल्या सिम्बॉलची, म्हणजे फंक्शनच्या नावांची, व्हर्जनही तपासतो.

मी १.१.१ सोर्सवरून बिल्ड करून '/ऑप्ट'खाली वेगळं ठेवलं आणि चार ओळींच्या स्क्रिप्टमध्ये 'एलडी लायब्ररी पाथ' (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं सेटिंग) फक्त त्या प्रोग्रॅमपुरता दिला. प्रोफाइलमध्ये (लॉगिनवेळी सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) तो टाकला असता तर बाकीचे प्रोग्रॅमही आधी त्याच फोल्डरमध्ये लायब्ररी शोधत बसले असते. अख्ख्या सिस्टीमची लायब्ररींची यादी बदलणाऱ्या 'एलडीकॉन्फिग'ला हात लावायची गरजच पडली नाही.

प्रोग्रॅम चालू आहे. पण १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला, म्हणून तो सर्व्हर बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून ठेवलाय.