छापील पॅनेलवर रंग आणि पोत चढवताना या चुका टाळा

रजईसाठी मिळणारे छापील पॅनेल म्हणजे एकच मोठे चित्र असलेला सुती तुकडा. बऱ्याच पॅनेलांचे माप साधारण २४ इंच बाय ४४ इंच असते. चित्र आयते मिळाले म्हणजे निम्मे काम झाले, असे नवशिक्यांना वाटते आणि घाईला तिथूनच सुरुवात होते. या सपाट छपाईत रंगाची खोली आणि टाक्यांचा उठाव आणता येतो, पण त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी रंग, मग तो पक्का करणे, मग धाग्याने भरणे, त्यानंतर कडेच्या पट्ट्या आणि सर्वांत शेवटी थर (वर पॅनेल, मध्ये फुगीर वॅडिंग, खाली अस्तर) लावून शिलाई. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली बहुतेक पॅनेले हा क्रम मोडल्यामुळेच बिघडलेली होती.

पहिली चूक पॅनेल न धुता रंगवण्याची. कारखान्यातून आलेल्या कापडावर खळ आणि इतर फिनिश असते, त्यामुळे रंग धाग्यात मुरत नाही. पॅनेल कोमट पाण्यातून हलक्या हाताने काढावे, पिळू नये आणि आडवे पसरून वाळवावे. नुसतीच शिलाई करायची असेल तर मात्र मी पॅनेल धूत नाही, कारण खळीमुळे कापड ताठ राहते.

दुसरी चूक पाण्याची. कमळाच्या पाकळीचे टोक गडद करायला ओला कुंचला टेकवला की रंग कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांवरून धावतो आणि छापील रेषेबाहेर धूसर डाग पसरतो, जो नंतर कशानेही निघत नाही. कुंचला रंगात बुडवल्यावर जुन्या सुती फडक्यावर टिपून घ्यावा, त्याचे केस सुटे दिसू लागले की मगच पाकळीच्या देठाकडून टोकाकडे ओढावा आणि रेषेच्या थोडे अलीकडेच थांबावे. ऍक्रेलिक रंग वापरायचे असतील तर त्यांत कापडासाठीचे माध्यम, म्हणजे रंग कापडावर मऊ ठेवणारे द्रव, मिसळणे टाळू नये. ते नसेल तर रंगाची कडक पापडी बनते, सुई अडखळते आणि टाक्यांची भोके उघडीच राहतात. रंग लावायचा तो छपाईत जिथे आधीच सावली आहे तिथे. पारदर्शक रंगाने गडद भाग उजळत नाही; त्यासाठी अपारदर्शक पांढराच लागतो.

सर्वांत वाईट वाटते ते साध्या जलरंगी पेन्सिलींनी रंगवलेले पॅनेल पाहून. कापडावर वापरल्या जाणाऱ्या शाईच्या पेन्सिली वेगळ्या असतात. त्या माध्यमाने ओल्या करून नीट वाळू दिल्या की बऱ्याच अंशी टिकतात. जलरंगी पेन्सिल दिसायला तशीच आणि स्वस्त असते, पण पाणी लागताच ती पुन्हा विरघळते. बाळाच्या रजईसाठी असा पर्याय निवडणे मला मुळीच मान्य नाही, कारण ती रजई वारंवार धुतली जाणारच. कोणताही नवा रंग आधी त्याच पॅनेलच्या कडेच्या फाजील कापडावर लावून, वाळवून आणि धुऊन पाहावा. रंगवलेले पॅनेल किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यावे आणि नंतर उलट बाजूने, वाफ बंद ठेवून, गरम इस्त्री एकेका भागावर काही मिनिटे फिरवावी.

इस्त्री करण्यापूर्वी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा धुऊन काढाव्यात, कारण उष्णतेने त्या कायमच्या बसतात. उष्णतेने अदृश्य होणाऱ्या पेनाच्या खुणा उणे १० अंशांच्या आसपास पुन्हा उमटू शकतात. कडाक्याच्या थंडीच्या देशात नातेवाइकांकडे रजई पाठवणाऱ्यांनी ते पेन वापरूच नये.

आता धाग्याने भरण्याविषयी. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, मोकळ्या हाताने दाट टाके घालताना कापड आत ओढले जाते. मागे स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा ताठ थर) लावला तरी ते थोडेफार आकसतेच. वर्गातल्या एका ताईंनी कमळतळ्याच्या पॅनेलचे माप घेऊन चारही पट्ट्या आधीच कापल्या आणि मग मधली फुले अतिशय सुंदर, पण फार दाट भरली. पॅनेल मध्यावर पाऊण इंच अरुंद झाले आणि कडा मात्र मूळ मापाच्याच राहिल्या. त्यांनी कडा ताणून पट्ट्या जुळवल्या आणि चारही बाजूंना लाटा उठल्या. मी सर्व पट्ट्या उसवायला लावल्या, तेव्हा त्या नाराज झाल्या. आम्ही पॅनेल पाणी फवारून ओलसर केले, जाड टॉवेलवर टाचण्यांनी काटकोनात ताणून रात्रभर वाळवले, मग वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी रुंदी मोजून त्यांच्या सरासरीने नव्या पट्ट्या कापल्या. लाटा गेल्या, कापड मात्र दुप्पट लागले. पट्ट्या आधी कापून वेळ वाचतो, हे मला कोणीही पटवून देऊ नये.

धाग्याच्या जाडीकडेही कोणी लक्ष देत नाही. अंक जितका मोठा तितका धागा बारीक: ५० क्रमांकाचा धागा पार्श्वभूमीत विरघळतो, १२ क्रमांकाचा ठसठशीत उठून दिसतो. रंगवलेल्या भागावर मी ९०/१४ मापाची, मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई आणि ४० चा धागा वापरते.

थर लावल्यानंतरची नेहमीची चूक म्हणजे फुलापासून आकाशापर्यंत सगळीकडे सारखीच दाट शिलाई. दाट शिवलेला भाग दबतो आणि मोकळा भाग फुगतो, म्हणून पाणी व आकाश दाट शिवून फुले बाह्यरेषेवरच सोडली तर ती आपोआप वर येतात. आणखी उठाव हवा असेल तर फुलामागे जादा वॅडिंग लावून, बाह्यरेषा शिवून, बाहेरचे कापून टाकावे. हा भेद ठेवताना एक भाग गच्च आणि शेजारचा हातभर भाग अगदी रिकामा असे मात्र होऊ देऊ नये, नाहीतर रजई वाकडी लटकते.

शिलाईची सुरुवात मध्यापासून करावी. जुन्या लुगड्यांची गोधडी पुष्कळ घरांत कडेकडून आत शिवत नेतात आणि ती सपाट राहते, कारण तिच्यात कापडावर कापडच असते. वॅडिंग फुगीर असते. ते कडेकडून आत ढकलले गेले की मध्यावर चुण्या पडतात. गोधडीचा धावदोरा मात्र पॅनेलवर अवश्य घ्यावा: सहा पदरी भरतकामाच्या धाग्याचे दोन पदर आणि पाण्याच्या लाटांवर हाताने घातलेल्या ओळी. यासाठी दोन-तीन संध्याकाळी जास्त लागतात, आणि ज्यांना तेवढा वेळ द्यायचा नसेल त्यांनी पाण्याचा भाग मशीनने साध्या ओळींत शिवून घ्यावा.